सेनापती आणि शहराचा कारभारी

इराणच्या सम्राटाचे उरलेसुरले सैन्य नहावंदजवळ एकवटत असल्याच्या बातम्या मदीनेत येत होत्या. त्याच दिवसांत कूफा शहरातील काही माणसे आपल्या अमीराविरुद्ध तक्रार घेऊन हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर उभी राहिली. हिजरी सन २१ च्या आसपासची ही गोष्ट आहे. तक्रार होती हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याविरुद्ध. अल्लाहच्या मार्गात पहिला बाण सोडणारे ते हेच, ज्या दहा सहाबांना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हयातीतच जन्नतची शुभवार्ता दिली, त्यांपैकी ते एक, आणि कादिसियाच्या रणात इराणी साम्राज्याचा कणा मोडणारे सेनापतीही तेच. कूफा शहर वसवले तेसुद्धा त्यांनीच. इतर आरोपांबरोबर तक्रारदारांचे असेही म्हणणे होते की त्यांना नमाज नीट पढवता येत नाही!

शत्रू चालून येत असताना असले गाऱ्हाणे आणणे यातच तक्रारदारांचा हेतू उघड होतो, असे हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना तोंडावर सुनावल्याचे इतिहासकार तबरी नोंदवतात. पण त्याच श्वासात त्यांनी हेही बजावले की, यामुळे तुमच्या तक्रारीची चौकशी करण्यापासून मी थांबणार नाही. चौकशीसाठी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) कूफ्याला गेले. कानाकोपऱ्यात कुजबुजत माहिती काढण्याऐवजी ते हजरत सअद यांना बरोबर घेऊन मशिदीमशिदींतून फिरले आणि लोकांना उघडपणे विचारत गेले. सर्वत्र लोकांनी चांगलेच सांगितले. बनू अब्सच्या मशिदीत मात्र एक माणूस उठला आणि म्हणाला की हे सैन्याबरोबर जात नाहीत, वाटप समान करीत नाहीत आणि निवाडा न्यायाने करीत नाहीत. ही हकीकत सहीह बुखारीतही आली आहे. नमाजसंबंधी हजरत सअद (रजि.) यांनी स्वतः खुलासा केला की प्रेषित (सल्ल.) यांच्या पद्धतीनुसार आपण पहिल्या दोन रकअती लांब आणि नंतरच्या दोन आटोपशीर पढवतो. आपली तुमच्याविषयी हीच समजूत होती, असे खलीफांनी त्यांना सांगितले. आरोप सिद्ध झाले नाहीत. तरीही हजरत सअद (रजि.) यांना कूफ्याच्या पदावरून दूर करण्यात आले.

आजच्या वाचकाला इथे अडखळल्यासारखे होते. माणूस निर्दोष असेल तर त्याला काढले का? आणि काढले असेल तर तो निर्दोष कसा? आपल्या मनात पद आणि प्रतिष्ठा यांची इतकी घट्ट गाठ बसली आहे की ही दोन वाक्ये एकत्र खरी असू शकतात हे आपल्याला पटत नाही. या गाठीमुळे आपण नेते निवडताना कोणती चूक करतो, त्याचा विचार या लेखात करायचा आहे.

पवित्र कुरआनमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचल्याचा प्रसंग आहे. तेथील वृद्ध गृहस्थाची मुलगी वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा. कामाला ठेवण्यास उत्तम माणूस तोच, जो समर्थही आहे आणि विश्वासूही (सूरह कसस, आयत २६). ‘कवी’ आणि ‘अमीन’ हे ते दोन मूळ शब्द. (मराठीतल्या ‘कवी’शी यातल्या पहिल्या शब्दाचा काही संबंध नाही, हे मराठीच्या विद्यार्थ्याने सांगितलेले बरे.) मुलगी बोलत होती ती बकऱ्या राखण्याच्या कामाबद्दल. तिने मूसा (अलै.) यांचे सामर्थ्य विहिरीवर जनावरांना पाणी पाजताना पाहिले होते, म्हणजे ज्या कामासाठी माणूस हवा होता त्याच कामात पाहिले होते. इमाम इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आहे. त्यांच्या मते सामर्थ्य प्रत्येक पदागणिक बदलते. युद्धातले सामर्थ्य म्हणजे धैर्य आणि युद्धाची जाण. न्यायासनावरचे सामर्थ्य म्हणजे न्यायाचे ज्ञान आणि निवाडा अमलात आणण्याची ताकद. विश्वासूपणा सगळीकडे एकच असतो, पण सामर्थ्य एकच नसते. म्हणून ‘हा माणूस चांगला आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. कशासाठी चांगला, हेही विचारावे लागते.

आधी सैन्याकडे पाहू. हिजरी सन ८ मध्ये प्रेषित (सल्ल.) यांनी जातुस्सलासिलच्या मोहिमेवर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना पाठवले. त्यांना इस्लाम स्वीकारून काही महिनेच झाले होते. मागाहून जी कुमक गेली तिच्यात हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) होते, तिचे प्रमुख हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) होते. नेतृत्व कोणी करायचे असा प्रश्न उभा राहताच अबू उबैदा (रजि.) यांनी वाद न वाढवता माघार घेतली. रात्र कडाक्याच्या थंडीची होती आणि अम्र (रजि.) यांनी कोणीही शेकोटी पेटवायची नाही असा हुकूम काढला. हजरत उमर (रजि.) संतापले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना आवरले आणि समजावले की प्रेषितांनी याला आपल्यावर नेमले आहे ते त्याच्या युद्धज्ञानामुळेच. परतल्यावर अम्र (रजि.) यांनी कारण सांगितले: आपली संख्या थोडी होती, जाळ दिसला असता तर शत्रूला ती कळली असती. प्रेषित (सल्ल.) यांनी त्यांचा निर्णय योग्य ठरवला.

ईमान, त्याग, ज्येष्ठता यांपैकी कोणत्याही कसोटीवर अम्र (रजि.) हे अबू बक्र (रजि.) यांच्या जवळपासही नव्हते. तरी त्या रात्री आज्ञा अम्र यांची चालली आणि कारण न विचारता चालली. रणांगणावर असेच असावे लागते. तिथे स्पष्टीकरण देण्यास वेळ नसतो, आणि दिलेले स्पष्टीकरण शत्रूच्याही कानावर जाऊ शकते. सैनिक आधी ऐकतो आणि मग, घरी परतला तर, समजून घेतो.

अर्थात सैन्यातल्या आज्ञापालनालाही इस्लामने कुंपण घातले आहे. एका तुकडीचा अमीर सहकाऱ्यांवर रागावला, त्याने लाकडे गोळा करून पेटवायला लावली आणि आगीत उड्या घेण्याचा हुकूम दिला. माणसे थबकली. याच आगीपासून वाचण्यासाठी तर आपण प्रेषितांकडे आलो, असा विचार त्यांनी केला. पुढे प्रेषित (सल्ल.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की ते आगीत शिरले असते तर कधीच बाहेर आले नसते, आज्ञापालन केवळ भल्या कामात असते. शेकोटी पेटवू नका हा हुकूम मोडायचा नाही आणि आगीत उडी घ्या हा हुकूम पाळायचा नाही, एवढा विवेक साध्या सैनिकाकडूनही अपेक्षित होता.

आता शहराकडे वळू. कूफा हिजरी सन १७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३८ मध्ये, सैनिकांची वसाहत म्हणून वसले. मधोमध मशिदीची जागा ठरली. एका तिरंदाजाने तिथून चारी दिशांना बाण सोडले आणि ते पडले त्याच्या पलीकडे घरे बांधायची असे ठरले. मोठे रस्ते ४० हात रुंद, त्यांखालचे ३० आणि २० हात, आणि गल्ली कोणतीही ७ हातांपेक्षा अरुंद नसावी, अशी मोजमापे तबरी देतात. पहिली घरे बोरूची होती. ती आगीत जळाली तेव्हा विटांच्या बांधकामाला खलीफांनी परवानगी दिली, पण कोणी तीनपेक्षा जास्त खोल्या बांधू नयेत आणि घरे उंच चढवू नयेत, या अटीवर. साम्राज्ये कोसळत असताना मदीनेत बसलेला एक माणूस दूरच्या शहरातल्या गल्लीची रुंदी ठरवत होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच शहरात हजरत सअद (रजि.) यांचे निवासस्थान बाजाराला लागून होते. गलबल्यामुळे बोलणेही ऐकू येईना, म्हणून त्यांनी दार बसवून घेतले. लोक त्याला ‘सअदचा महाल’ म्हणू लागले. ही वार्ता मदीनेला पोहोचताच हजरत उमर (रजि.) यांनी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांनाच धाडले आणि ते दार जाळायला लावले. सोबतच्या पत्राचा आशय असा होता की खजिन्यालगतच्या घरात राहा आणि त्याला कुलूप घाला, पण लोकांना आत येण्यापासून अडवील असे दार ठेवू नका. बाजाराबद्दल जे शब्द आपल्या तोंडी घातले गेले ते आपण उच्चारले नाहीत, असे सअद (रजि.) यांनी सांगितले आणि खलीफांनी ते खरेही मानले. दार मात्र जळाले ते जळालेच.

सेनापतीच्या तंबूवर पहारा असतो आणि तो असलाच पाहिजे. शहराच्या कारभाऱ्याच्या दारावर पहारा बसला की त्याचे अर्धे काम तिथेच संपते. सैन्यात जी बातमी टेहळ्या आणतो, ती शहरात तक्रारदार आणतो. तुंबलेले गटार, मापात मारणारा व्यापारी, विधवेचा अडकलेला वाटा हे सारे कारभाऱ्याला कळते ते कोणीतरी चिडून येऊन बोलते म्हणून. भाजी विकणाऱ्याने, हमालाने, लेकुरवाळ्या बाईने मरणाची शपथ घेऊन शहरात घर केलेले नसते. ती माणसे राहायला आलेली असतात. त्यांना कारण सांगावे लागते, आणि कारण सांगूनही ती कुरकुर करतात. ही कुरकुर ऐकून घेण्याची ताकद हे शहराच्या नेतृत्वातले ‘सामर्थ्य’ आहे. कादिसिया जिंकणाऱ्याकडे ती नव्हती असे मी म्हणत नाही. पण अमीर आणि शहर यांच्यातला विश्वास एकदा विरला की शंभर लढाया जिंकलेल्या माणसालाही तिथला कारभार चालवणे कठीण जाते, हे खलीफांनी ओळखले होते.

केवळ पुण्याई पुरत नाही, हेही कूफ्यानेच दाखवले. सअद (रजि.) यांच्यानंतर तिथे हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) आले. इस्लामच्या पहिल्या शहीद हजरत सुमय्या (रजि.) यांचे हे पुत्र, मक्केत त्यांनी सोसलेल्या यातना आपण सर्व जाणतो. त्यांच्याविरुद्धही तक्रार गेली, की त्यांना राजकारभार उमगत नाही. त्यांनाही दूर करण्यात आले. हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांनी प्रेषितांकडे पद मागितले होते, तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात, आणि हे पद अमानत आहे, ज्याने ती हक्काने घेतली आणि तिचे कर्तव्य पार पाडले त्याच्याखेरीज इतरांसाठी ती कियामतच्या दिवशी अपमान आणि पश्चात्ताप ठरेल. अबू जर (रजि.) यांच्याइतका सत्यवचनी आणि विरक्त माणूस दुर्मीळ. त्या नकारात त्यांच्या ईमानविषयी शंका नव्हती, त्यांच्याविषयी माया होती.

दोन्ही गुण एका माणसात असू शकत नाहीत असे नाही. आपल्याच मातीतले उदाहरण मलिक अंबर यांचे आहे. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी शत्रूच्या वाटेत सोडून मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजांना पराभूत केले. त्याच माणसाने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराच्या बाजूचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून दिले. रणात त्याचे असणे महत्त्वाचे होते. तो हलला की फौज हलत होती. नहर मात्र तो मोहिमेवर असतानाही वाहत होती, आणि १६२६ मध्ये तो गेल्यानंतरही वाहत राहिली. शहराचे नेतृत्व अशा मागे उरणाऱ्या व्यवस्थेत दिसते. नहरीवर पाणी भरणाऱ्याला मलिक अंबरचा चेहरा माहीत असण्याची गरज नव्हती.

निवडणूक जवळ आली की इमामाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: मौलाना, कोणाला निवडून द्यायचे? नाव सांगणे हे मिंबरचे काम नाही, आणि मी सांगत नाही. पण लोक ज्या मोजपट्टीने उमेदवार मोजतात तिच्याबद्दल बोलणे माझे काम आहे. आपल्या मोहल्ल्यांतून लागणारे फलक पाहा. कोणी कौमचा शेर असतो, कोणी ढाल, कोणी बुलंद आवाज. हे सगळे शब्द रणांगणातले आहेत आणि पद असते नगरसेवकाचे! त्या पदावर बसून अंदाजपत्रक वाचायचे असते, निविदेतला घोळ ओळखायचा असतो, पाणी पहाटे तीनऐवजी सहाला सोडा म्हणून अभियंत्याच्या मागे लागायचे असते, पालिकेच्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या रिकाम्या जागा भरून घ्यायच्या असतात. गर्जनेने यातले काहीही होत नाही. दुसऱ्या बाजूला मशिदीच्या किंवा संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आपण एखाद्या बुजुर्गांना केवळ त्यांच्या तहज्जुदसाठी नेमतो. जमाखर्चाचे कागद त्यांच्यापुढे फक्त सहीसाठी येतात.

आपण सेनापती का शोधतो, हे मला कळते. ज्या समाजाला आपण वेढले गेलो आहोत असे वाटते, त्याला तलवार हवीशी वाटते. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तिची किंमत आपण कोणाला चुकवतो ते पाहिले पाहिजे. शहरात सेनापती बसवला की प्रश्न विचारणारा गद्दार ठरतो. वस्तीच्या रस्त्याचे पैसे कुठे गेले असे एखाद्या तरुणाने विचारले की उत्तर मिळते, ‘ही वेळ एकजुटीची आहे, आपसांत भांडण्याची नाही.’ शेकोटी न पेटवण्याचा हुकूम एका रात्रीपुरता होता आणि सकाळी त्याचे कारणही सांगितले गेले. इथे ती रात्र वर्षानुवर्षे संपत नाही.

ओहदचे युद्ध आठवावे. शहरात राहून लढावे असा प्रेषित (सल्ल.) यांचा कल होता; तरुणांच्या आग्रहाखातर बाहेर पडण्याचा निर्णय झाला. चिलखत चढवल्यावर निर्णय बदलणे प्रेषितांनी नाकारले. पुढे टेकडीवरच्या तिरंदाजांनी जागा सोडली, सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले, खुद्द प्रेषित जखमी झाले. सल्लामसलतीचा असा शेवट पाहिल्यावर कोणताही सेनानी म्हणाला असता की यापुढे कोणाला विचारायचे नाही. याच पार्श्वभूमीवर आले-इमरानची १५९ वी आयत अवतरली, आणि तिने प्रेषितांना या लोकांना क्षमा करण्याची, त्यांच्यासाठी क्षमायाचना करण्याची आणि कामांत त्यांचा सल्ला घेत राहण्याची आज्ञा दिली. मदीनेवर संकट नव्हते असे कोण म्हणेल? नहावंदच्या तोंडावर कूफ्याची तक्रार ऐकणारे हजरत उमर (रजि.) याच आयतीच्या छायेत वाढले होते.

आणि पद काढून घेणे म्हणजे इज्जत काढून घेणे नव्हे, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळले. हिजरी सन २३ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी पुढील खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची नावे सांगितली, त्यांत सअद (रजि.) यांचे नाव होते. खिलाफत त्यांच्याकडे गेली तर उत्तमच, नाहीतर जो खलीफा होईल त्याने त्यांची मदत घ्यावी, कारण मी त्यांना असमर्थता किंवा विश्वासघात यासाठी काढले नव्हते, असा खुलासा त्यांनी आवर्जून केला. आपल्याकडे अध्यक्षपद गेले की माणूस दुसऱ्या मशिदीत नमाजला जाऊ लागतो. नवे मंडळही जुन्याला नावे ठेवल्याशिवाय कामाला लागत नाही.

हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचे प्रकरण याहून अवघड. मूता येथे तीन सेनापती एकामागून एक शहीद झाल्यावर झेंडा उचलून सैन्य सुखरूप मागे आणणारे खालिद सीरियात अजिंक्य ठरले होते. हजरत उमर (रजि.) यांनी खिलाफतीच्या आरंभीच त्यांच्याकडचे सर्वोच्च सेनापतिपद अबू उबैदा (रजि.) यांना दिले. खालिद (रजि.) त्यांच्या हाताखाली लढत राहिले. हिजरी सन १७ मध्ये एका माणसाला दहा हजार दिरहम बक्षीस दिल्याच्या कारणावरून त्यांना उरलेल्या पदावरूनही दूर करण्यात आले. रक्कम स्वतःची असेल तर ती उधळपट्टी आणि मुसलमानांच्या संपत्तीतली असेल तर अमानतीत खोट, अशी खलीफांची भूमिका होती. सोबत त्यांनी प्रांतोप्रांती कळवले की हे रागाने किंवा विश्वासघातासाठी केलेले नाही. लोक विजय खालिदमुळे मिळतो असे मानू लागले होते, आणि विजय देणारा अल्लाह आहे हे त्यांना कळावे अशी आपली इच्छा आहे.

खालिद (रजि.) दुखावले होते, हे इतिहासकार लपवत नाहीत. सैन्य त्यांच्यावर जीव टाकत होते. बंडाला याहून अधिक काही लागत नाही. त्यांनी ते केले नाही. हिजरी सन २१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मागे उरले ते घोडा, शस्त्रे आणि एक गुलाम. हे ऐकून हजरत उमर (रजि.) यांनी त्यांच्यासाठी दुआ केली आणि आपण त्यांच्याविषयी बांधलेला अंदाज चुकल्याचे बोलून दाखवले. खालिद (रजि.) यांनी आपली वसीयत पार पाडण्याची जबाबदारी हजरत उमर (रजि.) यांच्यावरच सोपवली होती, असे चरित्रकार सांगतात.